पालकाचा व्यवसाय

रजिस्टरात हा रकाना दीड बोटाचा.
त्यात ‘मजुरी’ बसतं, ‘नोकरी’ बसतं,
‘घरकाम’ही बसतं;
स्वतःच्या घरचं की दुसऱ्याच्या, हे लिहायला जागा उरत नाही.
पर्वतीच्या पायथ्याची शाळा, इयत्ता तिसरी,
पट अडतीस, पंखे दोन,
त्यातला एक फिरतो.

भिंतीवर अप्पा बळवंत चौकातून आणलेला तक्ता,
‘आपले मदतनीस’.
डॉक्टरला चष्मा, नर्सला हसू,
बस ड्रायव्हरला झुपकेदार मिशी,
आणि बाईंना असा अंबाडा
जो माझ्या केसांचा सात जन्मांत व्हायचा नाही.

गुरुवारी गृहपाठ दिला :
घरी विचारून या,
काय काम करता, आणि का करता.

चोवीस वह्यांत ‘पैशासाठी’.
पूर्ण गुण दिले.
पगार लांबला की डाळ कशी पातळ होते
हे मी त्यांना काय शिकवणार.

अलफिया बागवानचे अब्बू रविवार पेठेत ब्लाउज शिवतात.
पोरं फिदीफिदी. बायकांचे?
तिनं मान वर न करता पुढचं वाचलं :
‘मुंढा चुकला तर बाईला
दिवसभर हात वर करता येत नाही.
म्हणून करतो.’
मी तेव्हा फळ्याच्या अगदी वर तारीख लिहीत होते.
हात तिथंच राहिला थोडा वेळ.

नागेश वडारनं लिहिलं, पप्पा काही करत नाहीत.
परांचीवरून पडले तेव्हापासून घरीच.
मग एक ओळ सोडून, मुंगीएवढ्या अक्षरात :
पाचला नळाचं पाणी. दोघी बहिणींच्या वेण्या.
माझा डबा. आईच्या डब्यात जास्तीची चटणी.
ती आल्यावर तिचे पाय.
‘बाकी काही नाही.’

आणि प्रज्योत खुडे.
‘आई बसवर चालक आहे.’
मी लाल पेनानं ‘चालक’ खोडलं,
वर ‘वाहक’ लिहिलं.
वेलांटी सुधारावी तसं, हाताच्या सवयीनं,
आणि पुढची वही ओढली.

शनिवारी स्वारगेटहून कात्रजची बस.
पद्मावतीला एक रिक्षा आडवी घुसली,
करकचून ब्रेक,
आम्ही सगळे एकदम पुढं वाकलो,
माझी पिशवी गेली, त्यातली एक वही गेली.
समोरच्या आरशात खाकी कॉलर, घट्ट पिन लावलेली वेणी,
आणि एक भुवई
जी मी रोज तिसऱ्या बाकावर बघते.

उतरताना ती म्हणाली, ‘सावकाश, बाई.’
ओळखून म्हणाली की सगळ्यांनाच म्हणते, कोण जाणे.
विचारणार होते.
मागून हॉर्न वाजला.

घरी वही उघडली.
माझ्या दुरुस्तीच्या खाली उत्तर होतंच,
मी वाचलं नव्हतं :
‘आई म्हणते, मी ब्रेक मारला की
चाळीस माणसं नमस्कार केल्यासारखी वाकतात.
घरी कोण वाकतंय?
आणि घराचे हप्ते आहेत.’

सोमवारी वही परत देताना
लाल रेघेवर मी आणखी एक लाल रेघ मारली.
लाल शाई खोडरबरानं जात नाही,
हे मुलांना माझ्या आधीपासून माहीत असतं.
त्यानं बघितलं, वही मिटली, विचारलं :
‘बाई, ‘चा’चा काना बरोबर होता ना?’

काना बरोबर होता.

मधल्या सुट्टीत कुणीतरी तक्त्यावर चढलं.
मिशी पुसून बघितली, प्लास्टिकचं आवरण, निघेना.
मग वेदिकानं कपाळावरची टिकली काढून
ड्रायव्हरला लावली.

आता मिशी आणि टिकली, दोन्हींसकट,
ड्रायव्हर बस चालव—
पुढचं अक्षर काय लिहायचं यावर
चौथा तास अजून चालू आहे.